माझा फिरतो

११ जानेवारी

ताई,

फोनवर आपण दहाव्या मिनिटाला भांडतो, म्हणून यापुढे पत्रं, असं तूच ठरवलंस. बरं केलंस. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, आणि आज मला कुणी तोडलं तर मी चावेन.

तिसरीच्या वर्गाला चिनी कंदील शिकवतेय. हस्तकलेच्या बक्षिसासाठी महिनाअखेरीला समिती येणार आहे, तर आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, फर्मान काढलं: प्रत्येक मुलाचा एक कंदील, व्हरांड्यात टांगायचा, खाली नावाची चिठ्ठी. बत्तीस मुलं, अकरा कात्र्या, त्यातल्या चार अशा बोथट की लोणी कापायचं म्हटलं तर विचार करतील.

तू म्हणशील त्यात काय आहे. घोटीव कागद लांबीत अर्धा दुमडायचा, मोकळ्या कडेपासून बोटभर जागा सोडून रेघ मारायची, घडीच्या बाजूनं त्या रेघेपर्यंत काप द्यायचे, उलगडायचा, गुंडाळून चिकटवायचा, वर कडी. तुझा कागदी वस्तूंचा धंदाच आहे, तू डोळे मिटून करशील. मी फळ्यावर तीनदा काढून दाखवलं. तरी अर्ध्या वर्गानं मोकळ्या कडेकडूनच कापलं आणि हातात कंदिलाऐवजी झालर आली. दोघं रडले. एकानं झालर दाढी म्हणून लावली आणि तास संपेपर्यंत आजोबा होऊन फिरला. आता त्याचं नावच आजोबा पडलंय.

एक मुलगी आहे, वर्ग तिला डावरी म्हणतो. डाव्या हातात आपली साधी कात्री धरली की कागद पात्यांत दुमडतो, म्हणून ती कागदच तिरका धरते आणि तिचे सगळे काप तिरके जातात. मी ‘परत कर’ म्हणणार होते. तेवढ्यात तिनं गुंडाळून उभा केला. प्रत्येक पट्टी मधोमध कोपरासारखी वाकलेली, सगळी कोपरं एकाच दिशेला. टेबलावर नुसता ठेवला तरी कंदील गरगरतोय असं वाटतं. ‘बाई, माझा फिरतो,’ म्हणाली. जूनपासून पहिल्यांदा ती माझ्याशी आपणहून बोलली.

आणि काल खिडकीत वाळत ठेवलेले तीन कंदील गायब. त्यात तिचाही. मी सगळ्या वर्गाला उभं केलं, दप्तरं उपसली, नाही नाही ते बोलले. एकही पोर कबूल होत नाही. तिसरीत चोऱ्या करतात, पुढे काय दिवे लावणार आहेत. डावरीनं मात्र दुसरा कागद घेतला आणि पुन्हा तसाच केला.

मोठ्या बाईंसमोर मी सध्या साखर पेरत बोलते. एप्रिलमध्ये मला कायम करायचं की घरी बसवायचं हे त्यांच्या हातात आहे. म्हणून सगळा राग तुझ्यासाठी साठवून ठेवते.

भिंगरी

&nbsp;

१७ जानेवारी

भिंगरे,

आधी पाणी पी.

दप्तरं उपसलीस हे वाचून आपली आई आठवली. चष्मा हरवला की ती आपल्या दोघींची झडती घ्यायची, आणि चष्मा तिच्याच डोक्यावर असायचा. तू हुबेहूब तिच्यावर गेलीस, फक्त तुला चष्मा नाही. मुलांना पुन्हा बोलू नकोस. मी सांगते, त्यांनी नेले नाहीत.

झालरीवर उपाय सांगते. कपडे वाळत घालायचे चिमटे घे आणि कागद दुमडला की मोकळ्या कडेला दोन-दोन चिमटे लावून दे. चिमटा असलेल्या बाजूला पोराची कात्री जात नाही. खळ पातळ करू नकोस, कागद सुरकुततो. डावरीची काळजी करू नकोस. माझ्याकडे कामाला एक डावरी बाई आहे, तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री मागवली होती, एक जास्तीची पडून आहे. पाठवू का?

घाईचं काम आलंय, म्हणून इथेच थांबते. एप्रिलपर्यंत जिभेला आवर घाल.

ताई

&nbsp;

२८ जानेवारी

ताई,

जिभेला आवर घातला आणि आता तीच जीभ चावून खावीशी वाटतेय.

चिमटे लावले. बत्तीसच्या बत्तीस कंदील झाले. खळीचे डाग, पेन्सिलीच्या रेघा, आजोबाच्या कंदिलाला मूठ जाईल एवढं भोक, पण उभे राहिले. परवा संध्याकाळी मी टांगायला थांबले तर मोठ्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही दमलात, जा घरी. टांगायचं मी बघते.’ मला वाटलं बाईंना पाझर फुटला.

काल सकाळी आले तर व्हरांड्यात बत्तीस कंदील, आणि एकही माझ्या वर्गाचा नाही.

कडांना सोनेरी पट्टी, पट्टीचं टोक नीट आत दुमडून चिकटवलेलं. आणि ताई, थोडेसे वाकडे. नेमके थोडेसे. एकाची कडी जराशी कललेली, एकाचा एकच काप आखूड. पण कुठे बोटाचा ठसा नाही, रेघ नाही, डाग नाही. मुलांचा वाकडेपणा असा नसतो. मूल चुकतं तेव्हा मनापासून चुकतं. हा वाकडेपणा कुणीतरी बसून, मोजून केलेला होता. शिपाईमामांना विचारलं तर ते दुसरीकडे बघत म्हणाले, जुने कंदील पोत्यात भरून रद्दीबरोबर गेले.

मुलं आपापल्या नावाखाली जाऊन उभी राहिली. आजोबा खूश, त्याचं भोक बुजलं होतं. बाकीच्यांनी नुसतं वर पाहिलं. मोठ्यांनी दिलं ते आपलं म्हणायचं, ही सवय त्यांना आपणच लावलेली.

समितीतल्या एक वयस्कर बाई डावरीपाशी थांबल्या. ‘तू केलास का गं हा?’ डावरी म्हणाली, ‘नाही.’ मोठ्या बाई हसल्या, म्हणाल्या, ‘लाजते ती.’ डावरी म्हणाली, ‘माझा फिरतो. हा फिरत नाही. हा माझा नाही.’ मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, तुम्हीच सांगा, हिचाच ना?’ मी काही बोलणार तेवढ्यात पाहुणे पुढे सरकले.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या काय असतात ते काल समजलं. आता कळतं, ते तीन कंदीलही त्यांनीच उचलले, कुणाला तरी नमुना दाखवायला. आणि मी पोरांची दप्तरं उपसत होते. तो जो कुणी कारागीर असेल ना, पैसे घेऊन मुलांसारखं चुकणारा, तो माझ्यासमोर आला तर त्याची बोटं त्याच्याच कात्रीत देईन.

भिंगरी

&nbsp;

२ फेब्रुवारी

भिंगरे,

झालं ते झालं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. एप्रिल दोन महिन्यांवर आलाय. मुलं विसरतात, तूही विसर. कारागिरावर कशाला राग काढतेस, तो पोटासाठी करतो.

मान दुखतेय, म्हणून थोडक्यात.

ताई

&nbsp;

७ फेब्रुवारी

ताई,

मुलं विसरतात म्हणे. ऐक, मुलं कशी विसरतात ते.

बक्षीस मिळालं. पहिलं. पण समितीच्या पत्रात एक ओळ होती: एका विद्यार्थिनीनं कंदील आपला नसल्याचं सांगितलं, तरी शाळेनं खुलासा करावा. मोठ्या बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सोमवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर सगळ्या शाळेसमोर त्यांनी डावरीला पायरीवर उभं केलं आणि म्हणायला लावलं, ‘मी खोटं बोलले. कंदील माझाच होता.’ ती हळू म्हणाली. ‘मोठ्यानं,’ बाई म्हणाल्या. ती परत म्हणाली. ‘अजून मोठ्यानं, मागे ऐकू गेलं पाहिजे.’ तिसऱ्यांदा मागे ऐकू गेलं. मी मागेच उभी होते.

दुपारी तिची आई आली. कामावरून तशीच, हाताला साबणाचा वास. तिनं पोरीला माझ्यासमोर एक चपराक मारली आणि माझ्यापुढे हात जोडले. ‘बाई, घरी कधी खोटं बोलत नाही हो ती, इथेच कशी शिकली?’ माझी माफी मागून गेली ती. माझी.

तेव्हापासून डावरी कात्रीला हात लावत नाही. हस्तकलेच्या तासाला हाताची घडी घालून बसते. मी जवळ गेले की खाली बघते.

समितीला लिहीन म्हणते तर पुरावा काय? खरे कंदील रद्दीत गेले. माझा शब्द एकीकडे, मोठ्या बाईंचं बक्षीस दुसरीकडे.

आणि तू. तुझी मान दुखते. अंगात ताप असताना तू मला अकरा पानं लिहिली होतीस, तीही शेजारणीच्या मांजराबद्दल. आज माझ्या वर्गातल्या पोरीला खोटारडी ठरवलं तर तुझ्याकडून चार ओळी आणि एक म्हण. तुझी लाज वाटते मला.

भिंगरी

&nbsp;

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

मान दुखत नव्हती. वर निघत नव्हती.

सोबतचं खोकं आधी उघड. मग पुढे वाच.

कंदील ओळखलास ना? जानेवारीच्या मध्यावर एक दुकानदार आला. एका शाळेला बत्तीस कंदील हवेत म्हणाला, शाळेचं नाव सांगायचं नाही अशी अट. तीन कंदील नमुन्याला आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी खोक्याच्या तळाशी ठेवलीय, अक्षर तू ओळखशील. ‘मुलांनी केल्यासारखे दिसावेत. थोडे वाकडे चालतील. फार वाकडे नकोत.’

ते नमुने मी टेबलावर मांडले तेव्हा तुझं पहिलं पत्र शेजारीच होतं. कोपरासारख्या वाकलेल्या पट्ट्या, सगळ्या एका दिशेला. मला त्याच क्षणी कळलं. दुकानदाराला परत पाठवायला हवं होतं. मी त्याला चहा दिला.

तुला वाटेल पैशासाठी. पैशासाठी असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मी विचार केला तो असा: मोठ्या बाईंना बक्षीस मिळेल, त्या खूश होतील, आणि तुझं एप्रिलमधलं काम होईल. तू सहा वर्षं या शाळेतून त्या शाळेत बदलीवर फिरतेस, दर मे महिन्यात तुझा आवाज बसतो, हे मला बघवत नाही. म्हणून मी आणि माझ्या दोघी बायकांनी तीन दिवस बसून वाकडं कापलं. सोपं नाही ते. हात सरळच जातो. एक कडी कलली की आम्ही हसायचो, ‘हे बघा, तिसरीतलं जमलं.’

डावरीचा मात्र मी सरळ केला. ‘फार वाकडे नकोत’ म्हटलं होतं ना. तो फिरतो हे तू लिहिलं होतंस, मला दिसतही होतं. तरी आठ वर्षांची पोर आपला कंदील ओळखेल, आणि ओळखून तसं तोंडावर सांगेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या घरात कुणी तसं कधी सांगितलं नव्हतं.

नमुने परत द्यायचे होते. दोन दिले. हा ठेवला, दुकानदाराला हरवला म्हणून सांगितलं. का ठेवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता तुझ्याकडे पुरावा आहे.

ताई

&nbsp;

१५ फेब्रुवारी

खोकं मिळालं.

सोनेरी पट्टीचं टोक आत दुमडलेलं मी त्या दिवशी पाहिलं होतं. तसं आईच करायची, आणि आईनं शिकवलं म्हणून तू. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि दुसऱ्या दिवशी तुलाच कारागिराची बोटं कापायच्या गोष्टी लिहिल्या. तू मला विचारून तरी बघायचंस, माझ्या एप्रिलसाठी कुणाचं काय कापायचं ते.

मला पत्र लिहू नकोस.

&nbsp;

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितेय. आयुष्यभर तुझं ऐकलं असतं तर तू पोहायलाही शिकली नसतीस.

अकरा दिवस झाले. मोठ्या बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी तुझ्या कपाटात आहे आणि शाळेत काहीही झालेलं नाही. झालं असतं तर तो दुकानदार माझ्या दारात बोंबलत आला असता. म्हणजे तू मूग गिळून बसलीस. माझ्यावर आग ओकायला तुला एक दिवस पुरला, शाळेत तोंड उघडायला अकरा पुरत नाहीत.

माझा गुन्हा मी लिहून दिला. आता तुझं अठ्ठावीस जानेवारीचं पत्र काढ आणि वाच. ‘मी काही बोलणार तेवढ्यात पाहुणे पुढे सरकले.’ तू जन्मल्यापासून मी तुला ओळखते. तू शिंकायच्या आधीसुद्धा चार वाक्यं बोलतेस. एवढा मोठा प्रसंग, आणि तू तोंड उघडायच्या आत पाहुणे सरकले?

पोरीनं खरं सांगितलं, मोठ्या बाईंनी तुला विचारलं, आणि त्यानंतर पोर तुझ्याकडे बघेनाशी झाली. मोठ्या बाईंकडे बघत नाही असं तू लिहिलं नाहीस. तुझ्याकडे बघत नाही असं लिहिलंस. तू काय म्हणालीस तिथे?

कंदील मी केले असं पत्र समितीला लिहून, सही करून ठेवलंय. टाकलेलं नाही. आधी तू बोल. बहिणीनं वरून येऊन सोडवलं असं व्हायला नको. आजवर तसंच होत आलं, त्याचंच हे फळ आहे.

ताई

&nbsp;

९ मार्च

ताई,

‘हो’ म्हणाले. ‘हो, तिचाच आहे.’ एवढं म्हणायला जितका वेळ लागतो तितकाच लागला. पाहुणे त्यानंतर सरकले.

डावरीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. मी खोटं बोलेन हे तिला खरंच वाटलं नव्हतं, बस. तुला शिव्या घालताना मला फार बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ ती नजर आठवत नसे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग चिकटवलं, पातळ खळीनं, सुरकुतलंय. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेली तेव्हा मी डावरीला थांबवलं आणि तिचा कंदील तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उचलला, आत डोकावून पाहिलं, बोटानं एक-एक पट्टी मोजली. मी म्हटलं, ‘तू खरं बोलत होतीस. मी खोटं बोलले. मला माफ कर.’ वाटलं होतं पोर गळ्यात पडेल. मी तशी पुढे वाकलेही होते.

ती म्हणाली, ‘बाई, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?’

‘हो.’

‘मग इथे काय म्हणता? मला तिथे म्हणायला लावलं होतं.’ आणि कंदील घेऊन बाहेर गेली.

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, सणकून आला. मी माफी मागतेय, आणखी काय हवं या चिमुरडीला. शनिवार-रविवार तो राग घेऊन मी घरात भांडी आपटली. रविवारी संध्याकाळी लक्षात आलं की तिनं फार काही मागितलं नव्हतं. जागा तेवढी बदलायला सांगितली होती.

सोमवारी प्रार्थना संपली आणि मोठ्या बाई सूचना वाचायला पुढे होण्याआधी मी पायरीवर जाऊन उभी राहिले. चिठ्ठी हातात होती. मी म्हटलं, ‘मी खोटं बोलले. कंदील तिचा नव्हता.’

मोठ्या बाई माझ्या मागून म्हणाल्या, ‘बाई, खाली उतरा.’ आणि तिसरीच्या रांगेतून एक आवाज आला, शांत, वर्गात उत्तर द्यावं तसा.

‘मोठ्यानं.’

मी परत म्हटलं.

‘अजून मोठ्यानं. मागे ऐकू गेलं पाहिजे.’

ताई, मी ओरडले. फाटकाबाहेर भाजीवाली थांबली. मग मी चिठ्ठी वाचली, ‘फार वाकडे नकोत’पर्यंत. मोठ्या बाईंनी हात पुढे केला, मी ती दिली नाही. आजोबा मध्येच म्हणाला, ‘म्हणजे माझा पण माझा नव्हता?’ आणि सगळी तिसरी एकदम बोलायला लागली. ती गप्प बसायला दहा मिनिटं लागली. मी बसवली नाही.

दुपारी बाईंनी खोलीत बोलावून सांगितलं की एप्रिलची वाट बघायची गरज नाही. पुष्कळ बोलल्या. मीही बोलले, साखर न पेरता. शिपाईमामा दाराशी उभे राहून ऐकत होते, त्यांना पहिल्यांदाच माझ्याकडे बघताना पाहिलं. संध्याकाळी डावरीच्या घरी गेले आणि तिच्या आईला तिच्याच उंबऱ्यात सगळं सांगितलं. तिनं मला आत बोलावलं नाही. पोरीला जवळ ओढलं आणि दार लावलं. बरोबर केलं.

डावरीनं मला माफ केलेलं नाही. करेल असं वाटत नाही, आणि तिला तसं विचारणार नाही. मी निघाले तेव्हा तिच्या खिडकीत तो कंदील दोऱ्याला टांगलेला होता. वारा नव्हता, तरी फिरतोय असं वाटत होतं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. राहू दे तो, मला सध्या दुसरं काही कामही नाही. तुझं समितीचं पत्र आजच टपालात टाक, आणि ती डाव्या हाताची कात्री पाठव. शाळेच्या पत्त्यावर नको. तिच्या घरचा पत्ता मागे लिहिला आहे. आत चिठ्ठी घालू नकोस, माझं नाव तर मुळीच नको. नुसती कात्री.

भिंगरी